स्वामी कुवलयानंद आणि शीर्षासनाची परीक्षा

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी ध्यानास बसण्याची रीत अर्जुनास समजावून दिली आहे. जागा शुद्ध असावी, आसन फार उंच किंवा फार सखल नसावे, पाठ, मान आणि मस्तक एका सरळ रेषेत ठेवावे, दृष्टी भटकू देऊ नये, इतकेच तेथे सांगितले आहे. कोणत्याही आसनाचे नाव तेथे येत नाही. भगवान पतंजलींच्या योगसूत्रांतही आसनाविषयी मोजकीच सूत्रे आहेत, आणि त्यांत भर आहे तो स्थैर्यावर, सुखावर व प्रयत्नाच्या शिथिलतेवर. असे असताना डोके जमिनीवर टेकून पाय आकाशाकडे करण्याचा खटाटोप गीतेच्या उपासकाने का करावा, हा प्रश्न पुष्कळ सद्गृहस्थांच्या मनात येतो. काहीजण तो हसून सोडून देतात. दुसऱ्या बाजूला, शीर्षासनाने पिकलेले केस काळे होतात, मरण टळते, असे ऐकून पहिल्याच दिवशी भिंतीला पाय लावून घटका घटका उलटे राहणारे उत्साही लोकही आपण पाहतो. थट्टा आणि अंधविश्वास या दोन टोकांच्या मधोमध उभे राहून ज्यांनी हा प्रश्न आयुष्यभर तपासला, त्या स्वामी कुवलयानंदांचे चरित्र म्हणूनच जिज्ञासू गृहस्थाच्या विशेष उपयोगाचे आहे.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत, बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. घराणे कऱ्हाडे ब्राह्मणांचे होते. वडील शिक्षक होते. पण घरची स्थिती इतकी ओढगस्तीची, की काही काळ कुटुंबास दुसऱ्यांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. अशा घरातील मुलाला पुढच्या शिक्षणाची वाट सहसा बंदच असते. परंतु १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत जगन्नाथास संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोद्याच्या कॉलेजचे दार त्याच्यासाठी उघडले. ज्या भाषेने त्याला विद्येच्या दारात नेले, त्याच भाषेतील जुन्या हठग्रंथांची छाननी हा पुढे त्याच्या जीवनकार्याचा अर्धा भाग व्हावा, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

त्या वेळी बडोद्याच्या कॉलेजात श्रीअरविंद अध्यापन करीत होते. १९०६ मध्ये ते बंगालकडे निघून गेले, तरी त्यांच्या सहवासाच्या त्या थोड्या वर्षांनी अनेक तरुणांची मने पेटवली. जगन्नाथपंत त्यांपैकी एक होते. लोकमान्य टिळकांच्या स्वराज्याच्या चळवळीचाही त्यांच्यावर खोल ठसा उमटला. देशाची सेवा करावयाची तर संसाराचा पाश नको, असे ठरवून त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले.

याच बडोद्यात त्यांना पहिले गुरू भेटले. जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव हे भारतीय व्यायामपद्धतीचे त्या काळातील नामांकित आचार्य होते. १९०७ ते १९१० या तीन वर्षांत जगन्नाथपंतांनी त्यांच्या हाताखाली शरीर घडविले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. योगाकडे वळणारी माणसे पुष्कळदा शरीराची उपेक्षा करणारी असतात, किंवा शरीर दुखू लागल्यावर योगाकडे वळलेली असतात. जगन्नाथपंत धडधाकट शरीर घेऊन योगाकडे आले. आखाड्यातील माणसाला शक्ती कशाला म्हणतात हे कळत असते. त्यामुळे बळाने करण्याच्या व्यायामात आणि योगाच्या आसनात काय फरक आहे, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडला नाही, अंगातून पडला.

१९१० साली पदवीधर झाल्यावर ते खानदेशातील अमळनेर येथे शिक्षणकार्यात शिरले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला, आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीची संस्था सरकारच्या डोळ्यांत सलणारच. पुढे सरकारी रोषामुळे ते महाविद्यालय बंद पडले. तथापि १९२३ पर्यंत विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे शिक्षण देण्याचे काम त्यांनी सोडले नाही. खेड्यापाड्यांतील अज्ञान आणि भोळसट समजुती त्यांनी या काळात जवळून पाहिल्या. धर्माच्या नावाखाली जे जे चालते ते सारे धर्म नव्हे, आणि जे जे जुने आहे ते सारे टाकाऊही नव्हे, अशी त्यांची दृष्टी येथेच तयार झाली असावी, असे मला वाटते.

१९१९ मध्ये त्यांच्या आयुष्याला वळण देणारी भेट घडली. नर्मदामाईच्या तीरावर, बडोद्यापासून जवळच, मालसर नावाचे गाव आहे. तेथे परमहंस माधवदासजी हे वयोवृद्ध योगी राहत असत. मूळचे बंगालचे, वैष्णव परंपरेतले आणि देशभर भ्रमण करून अखेर नर्मदेकाठी स्थिरावलेले. मुंबईजवळ १९१८ साली योगसंस्था स्थापन करणारे श्रीयोगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य होत. जगन्नाथपंतांना गुरुसेवेचा काळ फार लाभला नाही, कारण १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. परंतु त्या दोन वर्षांत त्यांना जे मिळाले ते आयुष्यास पुरले. गुरूने सांगितलेल्या क्रियांचा परिणाम आपल्या शरीरावर व मनावर होत आहे, हे त्यांना स्वतः जाणवत होते. जाणवते ते खरे आहे काय, आणि खरे असेल तर ते कशाने होते, ही पुढची पायरी मात्र त्यांची स्वतःची होती.

गुरूवर शंका घेणे हे पाप, असे मानणारा शिष्य येथेच थांबला असता. केवळ पाश्चात्त्य विद्येवर वाढलेला तरुण गुरूकडे गेलाच नसता. जगन्नाथपंतांनी निराळाच मार्ग धरला. १९२०-२१ मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन ते बडोद्याच्या रुग्णालयात गेले, आणि उड्डियान बंध व नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे तेथील साधनांनी तपासू लागले. आज हे ऐकताना विशेष काही वाटत नाही. पण त्या काळी सुशिक्षित समाजात योगी म्हणजे राख फासलेला, खिळ्यांवर निजणारा भिकारी अशी समजूत होती, आणि साधुसमाजात रुग्णालय म्हणजे म्लेंच्छविद्येचे घर होते. दोन्हीकडून टीका ओढवून घेण्याचे ते काम होते.

त्या प्रयोगांच्या ओघात पुढे एक मोठी गोष्ट हाती आली. हठयोगातील बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून, कोणत्याही पंपाशिवाय, पाणी मोठ्या आतड्यात ओढून घेतो. हे कसे शक्य होते याची समाधानकारक मीमांसा नव्हती. आतड्यांची नित्याची लाटेसारखी हालचाल उलट दिशेने फिरते, असा तर्क केला जाई. दाब मोजणाऱ्या पाऱ्याच्या नळीने व क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहता आढळले, की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो. तेथे अंशतः पोकळी निर्माण होते, आणि पाणी आपोआप वर चढते. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासजींचे नाव दिले. गुरुदक्षिणा अनेक प्रकारची असते. पाऱ्याच्या नळीवर मोजलेली गुरुदक्षिणा बहुधा ही पहिलीच.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. मुंबई-पुण्याच्या मध्ये, सह्याद्रीच्या माथ्यावर, पावसाळ्यात धुक्यात बुडून जाणारे हे ठिकाण. त्याच वेळी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्याची रचना पाहण्यासारखी होती. एका विभागात शास्त्रज्ञांसाठी प्रयोगांचे आकडे व क्ष-किरणांची चित्रे, दुसऱ्यात त्याच विषयाची मध्यम पातळीवरची चर्चा, आणि तिसऱ्यात सर्वसामान्य वाचकास कळेल असे विवेचन. जगन्नाथपंत गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने देशास परिचित झाले.

शीर्षासनाकडे आता वळावे. हठयोगाच्या ग्रंथांत डोके खाली व पाय वर करण्याच्या क्रियेला विपरीत करणी म्हटले आहे. हठप्रदीपिकेच्या तिसऱ्या अध्यायात तिची उपपत्ती येते ती अशी : टाळूच्या मुळाशी चंद्र आहे, त्यातून अमृत स्रवते, नाभीच्या ठायी सूर्य आहे, तो ते अमृत गिळून टाकतो, म्हणून देहास जरा येते. देह उलटा केला की सूर्य वर आणि चंद्र खाली होतो आणि अमृताचा ऱ्हास थांबतो. फळ असे सांगितले आहे, की सहा महिन्यांत सुरकुत्या व पिकलेले केस दिसेनासे होतात, आणि रोज एक प्रहर, म्हणजे तीन तास, हा अभ्यास करणारा काळाला जिंकतो. परंतु त्याच ठिकाणी आणखी तीन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या लोक वाचून विसरतात. पहिली, की ही क्रिया गुरूच्या मुखातूनच शिकावी. दुसरी, की पहिल्या दिवशी क्षणभरच करावी आणि रोज थोडी थोडी वाढवावी. तिसरी, की या क्रियेने जठराग्नी वाढतो, म्हणून करणाऱ्याच्या पोटाला पुरेसे अन्न मिळाले पाहिजे. ज्यांना ग्रंथ भोळा वाटतो त्यांनी ही सावधगिरी पाहावी, आणि ज्यांना तो अक्षरशः खरा वाटतो त्यांनीही पाहावी.

कुवलयानंदांनी चंद्र-सूर्याच्या त्या वर्णनाची टर उडवली नाही. ती साधकांची परिभाषा आहे, तिचा अर्थ साधनेतच उमगणार. पण ज्या गोष्टी मोजता येतात त्या मोजल्याच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन या आसनांत रक्तदाब कसा बदलतो याचे प्रयोग लोणावळ्यास झाले, आणि ते १९२६ च्या सुमारास ‘योगमीमांसे’त प्रसिद्ध झाले. दंड-बैठका किंवा कुस्ती यांसारख्या कष्टाच्या व्यायामाहून आसनांचे कार्य वेगळ्या जातीचे आहे, असा त्यांचा एकूण निष्कर्ष होता. व्यायाम स्नायूंना राबवतो. आसनाचा रोख मज्जासंस्था, ग्रंथी व पोटातील इंद्रिये यांच्यावर असतो. माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेल्या माणसाने हा भेद केला, म्हणून त्याला वजन आहे.

शीर्षासन करण्याची त्यांनी शिकविलेली रीत अशी. जमिनीवर मऊ घडी घालून साधकाने गुडघ्यांवर बसावे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून कोपरे जमिनीवर टेकवावीत, म्हणजे दोन कोपरे आणि बोटांचा बंध मिळून एक त्रिकोण होतो. या बंधात डोक्याची मागची बाजू नीट बसेल अशा बेताने माथा जमिनीवर ठेवावा. मग गुडघे उचलून पावले हळूहळू चेहऱ्याच्या दिशेने आणावीत. असे करताना धड आपोआप उभे होत जाते आणि पायांवरचा भार कमी होतो. पाय पुरेसे हलके झाले, की गुडघे दुमडलेल्या स्थितीतच ते जमिनीवरून सुटतात. येथे थांबावे. पुष्कळ दिवस येथेच थांबावे. हा अर्धा टप्पा स्थिर झाल्यावर मांड्या वर न्याव्यात, आणि अगदी शेवटी गुडघे सरळ करावेत. उतरतानाही हाच क्रम उलट करावा. धाडकन पाय खाली टाकू नयेत. श्वास नाकाने, नेहमीसारखा चालू द्यावा.

काळाविषयी त्यांचे माप ऐकून उतावळा साधक निराश होईल. आरंभ पाव मिनिटाने, म्हणजे पंधरा सेकंदांनी. वाढ आठवड्यास अर्ध्या मिनिटाची. शरीरसंवर्धनासाठी शेवटची मर्यादा बारा मिनिटांची. हिशेब केला तर या गतीने बारा मिनिटांपर्यंत पोचावयास जवळजवळ सहा महिने लागतात. हठप्रदीपिकेतील सहा महिन्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही; मात्र त्या सहा महिन्यांत केस काळे झाल्याचे कुवलयानंदांनी कोठे लिहिलेले नाही. ज्यांचा कान वाहतो, ज्यांच्या डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बळ आहेत, ज्यांचे हृदय अशक्त आहे, त्यांना त्यांनी या आसनाविषयी स्पष्ट इशारा दिला होता.

या आसनात माणूस तोल कसा सांभाळतो, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. आपण उभे असताना पडत नाही, याला तीन साक्षीदार कारणीभूत असतात. कानाच्या आतील समतोलाचे इंद्रिय, डोळे, आणि स्नायू व सांधे यांच्याकडून मेंदूस अखंड जाणारी वर्दी. बालपणी पडत-धडपडत या तिघांचा मेळ बसतो आणि मग आपण तो विसरून जातो. शीर्षासनात सारेच उलटे होते. खाली ते वर, वर ते खाली. पायांऐवजी मस्तक आणि दोन बाहू हा पाया होतो. जुने अंदाज चुकतात, आणि प्रौढ माणूस लहान मुलासारखा पुन्हा तोल शिकू लागतो. नवशिक्याचा पहिला शत्रू दुबळे स्नायू नसतात, भीती असते. भीतीने श्वास कोंडतो, श्वास कोंडला की अंग ताठरते, आणि ताठरलेले अंग ओंडक्यासारखे एका बाजूला कोसळते. ज्याला आसन साधले आहे त्याच्याकडे नीट पाहिले तर दिसते, की तो मुळीच निश्चल नसतो. शरीर क्षणाक्षणाला किंचित कलते आणि कोपरांच्या बारीकशा दाबाने क्षणाक्षणाला सावरले जाते. पतंजलींनी प्रयत्नाची शिथिलता सांगितली तिचा अर्थ येथे हातांना कळतो. ताकद लावून तोल राहत नाही. ताकद सोडून दिली तरीही राहत नाही.

गीतेने दुसऱ्या अध्यायात समत्वालाच योग म्हटले आहे. सिद्धी आणि असिद्धी, लाभ आणि हानी यांत मन सारखे ठेवणे, ही त्या समत्वाची व्याख्या. शीर्षासन केल्याने असे समत्व येते, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. डोक्यावर उभे राहून शेजाऱ्याशी कज्जे करणारेही असतात. परंतु रोज सकाळी काही क्षण मनुष्याने आपली भीती, आपला श्वास आणि आपला कल यांकडे लक्ष ठेवले, तर ध्यानाला बसल्यावर तेच लक्ष त्याच्या कामी येते. आसनाने देह स्थिर होतो. स्थिर देहात प्राण शांत होतो. आणि शांत प्राणावर मन बसते. कुवलयानंदांच्या शिकवणीत आसनाचे स्थान या पायरीचे होते. कैवल्य हे संस्थेच्या नावातच होते. शीर्षासन त्याच्या वाटेवरील एक धर्मशाळा. शिवाय ज्या मस्तकाला आपण जन्मभर मिरवतो, ते आपण होऊन धुळीस लावणे, हा भाव ज्यांना जमेल त्यांना या आसनात दंडवताचाही लाभ आहे.

कुवलयानंदांच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी प्राणायामाच्या बाबतीत लागली. प्राणायामाने शरीरास जास्त प्राणवायू मिळतो, म्हणून तो आरोग्यदायी, असे योगाचे पुरस्कर्ते त्या वेळी सर्वत्र सांगत होते. आजही सांगतात. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत श्वासातील वायूंचे पृथक्करण झाले तेव्हा ही समजूत टिकली नाही. संथ, दीर्घ प्राणायामात शरीर नित्याच्या श्वसनाहून अधिक प्राणवायू घेते असे आढळले नाही. योगाच्या प्रचारकाला गैरसोयीचा असा हा निष्कर्ष होता. त्यांनी तो दडपला नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मापात नाही, ते अन्यत्र, मज्जासंस्थेवरील परिणामात आणि मनाच्या निग्रहात शोधले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. आपल्या देशात जुन्या विद्येची बाजू घेणाऱ्यांत ही वृत्ती किती दुर्मीळ आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

आणि म्हणूनच त्यांच्या स्वतःच्या काही विधानांकडेही त्यांच्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. शीर्षासनात मेंदूला भरपूर रक्त मिळते व त्याने मेंदू व ज्ञानेंद्रिये सतेज होतात, असे त्यांनी त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे लिहिले. पुढे शरीरशास्त्राने दाखविले, की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह निरोगी शरीर स्वतःच बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवते. देह उलटा केला म्हणून मेंदूत रक्ताचा पूर येत नाही. पायांच्या शिरांत साचलेले रक्त हृदयाकडे सहज परतते, खांदे, पाठ व बाहू बळकट होतात, तोलाची जाण तीक्ष्ण होते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. डोळ्यांसंबंधी त्यांनी दिलेला इशारा तर काळाने अधिकच गडद केला आहे. शीर्षासनात डोळ्याच्या आतील दाब सुमारे दुप्पट होतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आढळले. ज्यांना काचबिंदू आहे किंवा होण्याचा संभव आहे, त्यांनी हे आसन करू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेच्या मणक्यांचे दुखणे आणि गर्भारपण यांतही ते वर्ज्य समजावे. अशा माणसास भिंतीजवळ एका पायावर उभे राहून वृक्षासनाने तोलाचा अभ्यास करता येतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. ध्रुवाने एका पायावर उभे राहून तप केले, अशी कथा आपण भागवतात ऐकतोच.

लोणावळ्याच्या कार्याची कीर्ती लवकरच देशभर पसरली. १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली, तेव्हा आसनांविषयी त्यांचा स्वामीजींशी पत्रव्यवहार झाला. पंडित जवाहरलाल नेहरू शीर्षासनाचे मोठे चाहते होते; तुरुंगवासात ते नित्य करीत असल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे, आणि या काहीशा विनोदी अवस्थेने आपल्याला जगाच्या चमत्कारिकपणाकडे जास्त सहनशीलतेने पाहता येते, अशा आशयाचा खेळकर अभिप्रायही दिला आहे. येल विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्ययन करणारे त्रावणकोरचे कोवूर बेहानन हे लोणावळ्यास येऊन स्वामीजींच्या हाताखाली योग शिकले, आणि त्यांचा योगाची शास्त्रीय चिकित्सा करणारा ग्रंथ १९३७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

संस्थांचा विस्तार येथे थोडक्यात सांगतो. मुंबईत १९३२ साली शाखा निघाली आणि १९३६ पासून ती चौपाटीजवळ स्थिर झाली. १९४३ मध्ये सौराष्ट्रात राजकोट येथे आध्यात्मिक साधनेवर भर देणारी शाखा निघाली. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास गोवर्धनदास सेकसरिया यांच्या नावाचे योगमहाविद्यालय सुरू झाले, आणि १९६० नंतर योगोपचारांचे रुग्णालयही उभे राहिले. मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवरही त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि शाळांच्या अभ्यासक्रमात भारतीय व्यायाम व आसने यांना स्थान मिळावे म्हणून ते झटले. ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ हे त्यांचे दोन ग्रंथ घरोघरच्या अभ्यासकांना उपयोगी पडले. पंडितांच्या साहाय्याने गोरक्षशतकासारख्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. एकीकडे पाऱ्याची नळी आणि दुसरीकडे जुनी पोथी, दोन्ही हात शेवटपर्यंत चालू होते.

एवढे सारे करून त्यांनी मिळविले काय, असे कोणी विचारील. स्वतःचे घर नाही, संसार नाही. संस्थेसाठी द्रव्य उभे करण्याचा व्याप जन्मभर पाठीशी. धनिकांच्या दारी जावे लागले, सरकारदरबारी खेटे घालावे लागले. अधूनमधून सिद्धी आणि चमत्कार यांची अपेक्षा धरून येणारेही असणार. त्यांच्या हाती आकड्यांचे कोष्टक येत असेल. चमत्कार दाखविला असता तर द्रव्य आणि शिष्य दोन्ही लवकर मिळाले असते. त्यांनी ती वाट घेतली नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षात, स्वामी कुवलयानंदांनी देह ठेवला. त्यांच्यानंतर लोणावळ्याच्या कार्याची धुरा स्वामी दिगंबरजींनी उचलली. ज्या हठप्रदीपिकेत विपरीत करणीचे ते वर्णन आहे, तिची अनेक हस्तलिखिते पडताळून सिद्ध केलेली आवृत्ती स्वामी दिगंबरजी व पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी कैवल्यधामातर्फे १९७० साली प्रसिद्ध केली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये संस्थेला शंभर वर्षे पूर्ण झाली.